सगळे डोळे एका खुर्चीकडे

माझी मावशी डूख धरते. हे मी तिच्या तोंडावर म्हणते आणि तिला ते ऐकायला आवडतं. मी तशी नाही. मला राग आला की मी तिथल्या तिथे भांडून मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशेजारी बसून चहा पिते. मावशी भांडत नाही. ती राग मुरत घालते, वर झाकण घट्ट लावते आणि चेहऱ्यावर असा काही साळसूदपणा आणते की समोरच्याला वाटतं, बाई विसरली. माझ्या भावानं लहानपणी तिची काचेची बरणी फोडून आळ मांजरावर ढकलला होता. ते तिनं त्याच्या लग्नाच्या जेवणात, त्याच्या सासूला वाढता वाढता, अगदी सहज सांगितलं.

आमच्या भागातली मुलं तिला सांभाळमावशी म्हणतात. त्यांना वाटतं, ती सारखी "सांभाळून रे" करत असणार म्हणून हे नाव पडलं. खरं तर ती तो शब्द कधी उच्चारत नाही. लोक तिला म्हणतात. तिनं काडेपेटी हातात घेतली की कुणीतरी बोलतंच, "सांभाळून हं." गरम पातेल्याकडे वळली की "सांभाळून." चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली तरी घंटा वाजवणारा म्हातारा मागून हळूच म्हणतो, "सांभाळून, बाई." सगळे प्रेमानंच म्हणतात, नाही असं नाही. पण त्या प्रेमानं माझ्या मावशीचं आयुष्य कुरतडलं आणि मला त्या प्रत्येकाचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत आलंय.

मावशी बेकरीत भट्टीवर होती. तरुणपणी लागली आणि बघता बघता मुख्य झाली. भट्टीचा दरवाजा लोखंडी, वर उचलायचा, साखळीवर तोललेला. वर गेला की बाजूचा आकडा लावायचा, मग खाली वाकून ट्रे ओढायचे. त्या दरवाज्याच्या साखळीची एक कडी झिजून उघडली होती. मावशीनं ती फोरमनला दाखवली. फोरमननं तारेचे दोन वेढे मारले आणि म्हणाला, "उद्या नवी टाकू." ती उद्या काही उजाडली नाही. एके सकाळी मावशी ट्रे ओढत असताना तार तुटली, झटक्यासरशी आकडाही निसटला आणि दरवाजा तिच्या डाव्या हातावर आला.

त्या वेळी फोरमन समोर होता. गार व्हायला ठेवलेल्या पावांच्या मांडणीपाशी, तिच्याकडे तोंड करून. मावशी सांगते की ओरडायच्या आधी तिनं वर पाहिलं आणि त्याची तिची नजरानजर झाली. तार तुटताना त्यानं पाहिली, तिचा हात सापडताना पाहिला, आणि आपण पाहतोय हे तिला कळलंय, हेही त्याला कळलं.

मग मालक आले. त्यांनी विचारलं, "आकडा लावला नव्हता का बाईंनी?"

फोरमन म्हणाला, "मी पाठमोरा होतो, मालक. मी काही पाहिलं नाही."

झालं. संध्याकाळी तुटकी तार नाहीशी झाली होती आणि साखळीत नवी कोरी कडी चमकत होती. मावशीच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली आणि तिच्या नावाला 'बेफिकीर' हा शब्द चिकटला. आमच्या भागात बेकऱ्या त्या किती, आणि तोंडं किती! पुन्हा कुणी तिला भट्टीजवळ उभं केलं नाही. इस्त्रीच्या दुकानात गेली, तिथेही नको म्हणाले. शेवटी शाळेत पाणी भरायचं आणि टेबलं पुसायचं काम मिळालं, कारण पाण्यानं आग लागत नाही.

फोरमनकडे त्याची कारणं असतील. प्रत्येकाकडे असतात. मला ती सांगायची नाहीत.

तर असा हा फोरमन पुढे बेकरीत भागीदार झाला, पोट सुटलं, केस पांढरे झाले आणि चर्चच्या सणसमितीचा अध्यक्षही झाला. सगळे त्याला अध्यक्षसाहेब म्हणतात. मावशी एकटी अजून फोरमन म्हणते. "त्याची बढती मी कुठे केली?" असं तिचं म्हणणं.

आमच्या चर्चची संत आहे लुसी. वेदीच्या डाव्या बाजूला तिचं चित्र आहे. डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट, कमरेला लाल पट्टा, हातात ताटली आणि ताटलीत तिचेच दोन डोळे. तिचा छळ करणाऱ्यांनी डोळे काढले आणि देवानं तिला नवे दिले, अशी गोष्ट सांगतात. डोळ्यांचं काही दुखणं असलं की माणसं तिच्याकडे येतात. थंडीत तिचा सण असतो. त्या दिवशी मोठ्यांची प्रार्थना झाल्यावर मागच्या हॉलमध्ये मुलांसाठी खाऊ करायचा कार्यक्रम असतो, म्हणजे मुलांनीच करायचा आणि मुलांनीच खायचा.

फादर नवीन आले त्या वर्षी त्यांनी हे काम मावशीला द्यायचं ठरवलं. हॉलच्या मागे स्वयंपाकघर आहे आणि तिथे चांगली मोठी गॅसची भट्टी आहे. मावशीचे डोळे लकाकले. पण भट्टीची किल्ली अध्यक्षांच्या जुडग्यात. ते समितीत गोड आवाजात म्हणाले, "बाईंना काम द्या की, अवश्य द्या. फक्त विस्तवाजवळ नको. लहान मुलांचा प्रश्न आहे."

मावशी तिथेच कोपऱ्यात कप विसळत होती. तिनं एक कप जरा जास्तच वेळ विसळला.

तेव्हापासून आमच्याकडे संत लुसीचा सगळा खाऊ गारच. मुकुटासाठी ब्रेडच्या कडांचं कडं, त्यात उभी केलेली अर्धी अर्धी केळी म्हणजे मेणबत्त्या आणि केळ्याच्या टोकावर संत्र्याची फोड म्हणजे ज्योत. सफरचंदाच्या सालीचा लाल कमरपट्टा. आणि मुख्य म्हणजे डोळे. गोल बिस्किट घ्यायचं, त्यावर दाट फेटलेल्या सायीचा पांढरा थर, त्यावर हिरव्या द्राक्षाची चकती आणि चकतीवर काळी मनुका. मनुका आधी कोमट पाण्यात भिजवायची, म्हणजे ती फुगते आणि चमकते. "कोरडी मनुका म्हणजे मोतीबिंदू," मावशी मुलांना सांगते. न पेटणाऱ्या मेणबत्त्या आणि दुसऱ्यांनी भाजलेली बिस्किटं, हे तिच्या वाट्याला आलेलं. पण पोरं तिच्यावर जीव टाकतात, कारण ती त्यांना एकदाही 'हात लावू नको' म्हणत नाही.

मुलांसाठी तिनं एक खेळही काढला. मनुका चकतीच्या बरोबर मध्ये ठेवली तर डोळा कुणाकडेच बघत नाही. "हे मेलेल्या माशाचे डोळे," ती म्हणते. मनुका एका कडेला सरकवली की डोळा त्या बाजूला बघायला लागतो. मग प्रत्येक मुलानं मनात एक माणूस धरायचा, डोळे त्याच्याकडे वळवायचे आणि इतरांनी ओळखायचं, हे कुणाकडे बघतायत. जो ओळखेल त्यानं ती जोडी खायची. मुलं या खेळासाठी वर्षभर वाट पाहतात.

या सगळ्या काळात मावशी फोरमनचा वचपा काढतच होती, पण किरकोळीत. त्याच्या चहात साखर विरघळायच्या आत कप पुढे करायची. डुगडुगणारी खुर्ची बरोबर त्याच्या वाट्याला यायची. ताटलीतलं मोडकं बिस्किट नेहमी त्याच्याच बाजूला असायचं. आणि संत लुसीपुढे गुडघे टेकून ती काय मागायची ते तिनं मला एकदा सांगितलं.

"त्याचे डोळे जाऊ देत म्हणते."

"मावशी! संताकडे असं मागतात?"

"मग कुणाकडे मागू? डोळ्यांचं खातं तिच्याकडे आहे."

आणि खरंच, फोरमनला दिसेनासं व्हायला लागलं. आधी चष्म्याचा नंबर वाढला, मग पायरी चुकायला लागली, मग समोरच्याला आवाजावरून ओळखू लागला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि वर साखर वाढलेली, त्यामुळे डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी धावत मावशीला सांगायला गेले तर तिचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ती रोज सकाळी लुसीपुढे मेणबत्ती लावायला लागली, फोरमनचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून. चर्चमध्ये बायका एकमेकींना कोपर मारून दाखवायच्या. "बघा, किती मोठं मन!" घंटावाला म्हातारा डोळे पुसायचा, आणि पुसून झाले की "सांभाळून" म्हणायचा.

मी घरी तिला धरलंच.

"तू पाघळलीस. एवढ्या वर्षांचा राग आणि आता त्याच्यासाठी मेणबत्त्या!"

मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला त्याला काहीतरी दाखवायचंय. आंधळ्याला काय दाखवू?"

तेव्हा मला कळलं की बरणीचं झाकण आता उघडायला आलंय.

ऑपरेशन झकास झालं. काळा चष्मा लावून फोरमन आमच्या घरी आला, फळांची टोपली घेऊन आणि नातीचं बोट धरून. ही नात म्हणजे बटण. गोल, बुटकी आणि जिभेनं चुरचुरीत. तीही मावशीकडे खाऊ करायला येणाऱ्या मुलांपैकीच. आल्या आल्या ती मावशीच्या मांडीवर चढली. फोरमन खुर्चीत टेकला, चष्मा सावरला आणि घसा खाकरला.

"बाई, तुमच्या मेणबत्त्यांचं मी ऐकलं. काय बोलू? मागचं सगळं पोटात घातलंत."

"मागचं काय, फोरमन?"

"ते... तुमच्या हाताचं. बेकरीतलं."

"त्याचं तुम्हाला काय? तुम्ही तर पाठमोरे होतात."

बटण टोपलीतलं फळ चावत होती. मी त्याच्याकडे टक लावून बघत बसले होते. एक शब्द बोलला असता, नुसता 'नव्हतो' म्हणाला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. त्यानं कप उचलला, चहाचा घोट घेतला आणि मूग गिळून बसला. मग एकदम उत्साहात येऊन म्हणाला, "यंदा मुलांचं टेबल बरोबर माझ्या खुर्चीसमोर मांडा. चष्मा मी त्या दिवशी सगळ्यांसमोर काढणार आहे. पहिल्यांदा मला लुसीचेच डोळे बघायचेत. अगदी स्पष्ट."

"दाखवते," मावशी म्हणाली.

तयारीला तिनं आमचं जेवणाचं टेबल घेतलं आणि मला समोर स्टुलावर बसवलं. टेबलाच्या डाव्या टोकाच्या बिस्किटांवर मनुका उजवीकडे सरकवल्या, उजव्या टोकाच्या डावीकडे, मधल्यांच्या अगदी खालच्या कडेला. मग विचारलं, "दिसतं का काही?" मला बिस्किटं दिसत होती. सपाट ताटलीतले डोळे छताकडे बघत होते. मावशी ओठ चावत आत गेली आणि पावाच्या लाद्या घेऊन आली. प्रत्येक ताटलीच्या मागच्या कडेखाली पावाचा तुकडा सरकवून ताटली पुढे कलती केली आणि बिस्किट घसरू नये म्हणून खाली सायीचा ठिपका लावला. मग म्हणाली, "आता बघ."

मी बघितलं आणि स्टूल मागे सरकवलं. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं.

"आता उठ आणि दाराशी जा." दारातून बघितलं तर नुसती तिरळ्या डोळ्यांची जत्रा, कुणाचा कुणाला पत्ता नाही. हसू यावं असं. पुन्हा स्टुलावर बसले आणि अंगावर काटा आला.

"दुसऱ्या कुणाला कळणार नाही," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला कळून काय करायचंय? माझा हात सगळीकडे दाखवून झाला. लोक म्हणतात, असेल बुवा, पण कुणी पाहिलं? पाहिलं त्यानं. मला त्याच्या तोंडून हवंय, चारचौघांत."

"आणि तो हसला तर? मजा आली म्हणून टाळ्या वाजवून घरी गेला तर?"

मावशीनं ताठ बोटांनी एक मनुका उचलली. ती तिला नीट उचलता येत नाही, निसटते. "मग मी हरले. पुढच्या वर्षापासून मनुका मधोमध ठेवीन आणि लोक म्हणतात तशी बेफिकीर म्हणून मरेन. पुन्हा या विषयावर बोलणार नाही. तुझ्याशीसुद्धा नाही."

मावशी थट्टेत असं बोलत नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सणाच्या दिवशी निघताना तिनं माझ्या हातात एक जड पातेलं दिलं, वर ओलं फडकं बांधलेलं. "आत काय आहे विचारू नकोस. स्वयंपाकघरात ठेव आणि हलवू नकोस." मी विचारलं नाही. उलट, आणखी साय कशाला म्हणून नाक मुरडलं, कारण साय तर माझ्या दुसऱ्या पिशवीत होतीच.

हॉल माणसांनी भरला होता. मध्यभागी अध्यक्षांची हात असलेली खुर्ची, गादी घातलेली आणि त्या दिवशी न डुगडुगणारी. मावशीनं स्वतः खुर्चीचे पाय तपासले होते. समोर लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. मुलं बाह्या वर करून भिडली. मावशी प्रत्येकाच्या मागे जात होती. "तू मनुका या कडेला. तू त्या. तुझी खाली, अजून खाली. हं, आता बघतोय." मुलांना वाटत होतं, यंदा खेळ मोठा आहे, सगळ्यांचा मिळून एकच माणूस आहे. ते खरंच होतं. फक्त कोण ते तिनं सांगितलं नव्हतं. पोरांना यात ओढायचं नाही, हे तिनं मला आधीच बजावलं होतं.

फादर ताटल्या बघत टेबलाच्या कडेनं फिरले आणि हसायला लागले. "अहो, हे तर सगळेच तिरळे!" लोकही हसले. मी दात ओठ खात उभी होते. हसा म्हटलं, हसून घ्या.

मग अध्यक्ष आले. टाळ्या झाल्या. चार शब्द बोलले, संत लुसीच्या कृपेनं मला दृष्टी परत मिळाली वगैरे. खुर्चीत बसले आणि सगळ्यांना दिसेल असा चष्मा काढला.

मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. आधी ते हसले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेले. मग परत आले. मान जरा डावीकडे झुकवली, जरा उजवीकडे. गादीवर चुळबुळले. ज्या खुर्चीसमोर टेबल मांडायचा त्यांनी एवढा हट्ट धरला होता, त्या खुर्चीतून त्यांना आता उठताही येईना, कारण सगळा हॉल त्यांचा आनंद बघायला थांबला होता.

"ताटल्या जरा... जरा वळवा ना," ते म्हणाले.

"नाही, नाही!" मुलं ओरडली. "हलवायच्या नाहीत! आधी ओळखायचं!"

बटण माइक घेऊन पुढे पळाली. या खेळात माइक तिच्याकडेच असतो, कारण तो तिच्याकडून कुणी घेऊच शकत नाही. "आजोबा, ओळखा! हे सगळे कुणाकडे बघतायत?"

त्यांच्या कपाळावर घाम आला होता, भर थंडीत. माइक तोंडापाशी आला. "माझ्याकडे," ते म्हणाले. आवाज चिरका लागला.

"बरोब्बर!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. बटणाला खेळ संपला असं वाटलं नाही. तिनं पुढे विचारलं, जे मावशीनं तिला शिकवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. "पण तुमच्याकडेच का?"

मावशी टेबलाच्या पलीकडे उभी होती. बेकरीत ती उभी असायची तशी, त्याच्या समोर. तिनं डावा हात पांढऱ्या चादरीवर ठेवला होता, दोन बोटं ताठ. ती त्याच्याकडे बघत होती. डोळे असे होते की मला माझ्याच मावशीची भीती वाटली.

फोरमनला हसता आलं असतं. मी ते हसू त्याच्या ओठापर्यंत आलेलं पाहिलं. मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या घातल्या की चर्चच्या आवारात घालू नयेत. मग त्याची नजर मावशीवर गेली आणि तिथेच अडकली.

"कारण मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. फादरांनी माइक घ्यायला हात पुढे केला, पण फोरमननं तो सोडला नाही.

"बाईंचा हात. बेकरीत. आकडा त्यांनी लावला होता. साखळीला मी तार बांधली होती, ती तुटली. मी पाठमोरा नव्हतो. मी समोर होतो. मी सगळं पाहिलं आणि नाही म्हणालो. नंतर तारही मीच काढून फेकली."

एवढं बोलून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.  घंटावाला म्हातारा खाली बघत होता. ज्या बायका मोठं मन मोठं मन करत होत्या त्यांनी पदर आणि रुमाल शोधायला सुरुवात केली. मला रडू आलं नाही. मला वाटलं, अजून बोल. अजून एकदा, मोठ्यानं.

फादर मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, आज सण आहे. आता मनातून काढून टाका. हात द्या त्यांना."

"हात देते की," मावशी म्हणाली. तिनं तोच डावा हात पुढे केला, त्यात बिस्किटांची ताटली धरलेली. "खा, फोरमन. तुम्ही ओळखलंत. मुलांचा नियम आहे."

त्यानं एक डोळा उचलला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. पुसट आवाजात म्हणाला, "बाई, मला माफ..."

"दुसरा पण," मावशी म्हणाली.

त्यानं दुसराही खाल्ला. ती ताटली पुढे धरून, पापणी न लववता, तो गिळेपर्यंत थांबली. बटणाला वाटलं आजोबांना खाऊ आवडला, म्हणून तिनं आणखी एक जोडी आणून दिली. त्यानं तीही खाल्ली. मला हसू आवरेना.

मग फोरमननं खिशात हात घातला, किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि भट्टीची किल्ली सोडवायला लागला. कडीतून किल्ली निघेना. शेवटी निघाली. त्यानं ती दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली. सगळ्यांना वाटलं, आता घेते आणि प्रकरण मिटतं.

मावशीनं किल्लीला हात लावला नाही. "तुमच्याकडेच ठेवा. पेटवा तुम्ही. मी समोर उभी राहून बघते."

ती स्वयंपाकघराकडे चालायला लागली, तो तिच्या मागे, मुलं त्याच्या मागे आणि मुलांच्या मागे सगळा हॉल. मी धावत पुढे जाऊन पातेल्यावरचं फडकं काढलं. आत मळलेलं पीठ होतं, मस्त फुगून कडेपर्यंत आलेलं. म्हणजे सकाळी, मला हरायच्या गोष्टी सांगून झाल्यावर, बाईनं घरी पावाचं पीठ मळलं होतं. पोरांनी जल्लोष केला आणि पिठाचे गोळे घेऊन डोळे वळायला बसली. मनुका अजून उरल्या होत्या.

फोरमन भट्टीपुढे गुडघ्यांवर बसला. जुनी भट्टी ती, खालच्या भोकाशी काडी धरावी लागते. त्यानं दार उघडलं. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. तीही विझली. घंटावाल्या म्हाताऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं, मावशीकडे पाहिलं आणि मिटलं.  सगळे ती काडी आणि तो हात बघत होते.

मावशी त्याच्या डोक्याशी, हाताची घडी घालून उभी होती. तिनं त्याला तिसरी काडी काढू दिली. ती पेटली, तो वाकला आणि हात आत घातला.

"सांभाळून, फोरमन," मावशी म्हणाली.